माळावरचा तरवड

भाद्रपद सरत आला की दख्खनच्या पठारावरून जाणाऱ्या आगगाडीच्या खिडकीशी बसून बाहेर पाहावे. गाडी दौंडहून सोलापूरकडे जाणारी असो, वाडीहून हैदराबादकडे जाणारी असो, अथवा आणखी खाली गुंतकलच्या बाजूची असो. रुळांच्या दोन्ही अंगांस जेथे नांगर फिरलेला नाही, मुरूम उघडा पडला आहे आणि गवतदेखील बेताबेतानेच उगवते, अशा जागी पुरुषभर उंचीची, पिवळ्याधमक फुलांनी डवरलेली झुडपे मैलोगणती आपली सोबत करतील. कोणी ती लावलेली नसतात. कोणी त्यांस पाणी घातलेले नसते. शेजारच्या शेतातील बाजरी पावसाने ओढ दिल्यामुळे माना टाकीत असली, तरी हे झुडूप मात्र फुलायचे थांबत नाही.

हा तरवड. आपल्यापैकी अनेकांची घरे महाराष्ट्राबाहेर आहेत, तेव्हा शेजाऱ्यांना त्याची ओळख पटावी म्हणून त्याची इतर नावेही सांगून ठेवतो. गुजरातेत तो आवळ, राजस्थानात आंवल, कर्नाटकात तंगडी किंवा आवरिके, तेलुगू मुलुखात तंगेडु आणि तमिळनाडूत आवारम्. संस्कृत वैद्यकग्रंथ त्यास आवर्तकी म्हणतात, आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेत तो रणवरा होतो. गुजराती आवळ व आपला आवळा यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, हे जाता जाता सांगितलेले बरे. लिनिअसने १७५३ साली त्यास कॅसिया ऑरिक्युलाटा हे शास्त्रीय नाव दिले व जुन्या पुस्तकांत तेच आढळते; आता तो सेन्ना या प्रजातीत गणला जातो. ऑरिक्युलाटा म्हणजे कान असलेली. पानाच्या देठाच्या तळाशी दोन्ही बाजूंस कानाच्या पाळीसारखी गोलसर उपपर्णे असतात, त्यांवरून हे नाव पडले. ही खूण आपण ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हरभरा, तूर आणि बाभूळ ज्या शिंबावंत कुलातील, त्याच कुलातील तरवडही आहे. या कुलाची कीर्ती अशी की, त्यातील पुष्कळ वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींतील जंतू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. म्हणूनच शेतकरी कडधान्याचा फेरपालट करतो. परंतु सेन्ना प्रजातीतील वनस्पतींच्या मुळांवर अशा गाठी सहसा आढळत नाहीत. घराण्याची ही पुंजी वाट्यास आली नसतानाही ज्या मातीत दुसरे काही धड उभे राहत नाही तेथे तरवड पाय रोवतो, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल उतरते. पाने लहान लहान पर्णिकांची, आठ ते बारा जोड्यांची असतात. आणि मुख्य गोष्ट म्हणजे गुरे व शेळ्यामेंढ्या त्यास सहसा तोंड लावीत नाहीत. ज्या माळावर चराई अति झाली, तेथे गवत संपते आणि तरवड उरतो. त्यामुळे माळ उजाड दिसला की दोष तरवडाच्या माथी येतो. खरे पाहता तो शेवटपर्यंत न हललेला पहारेकरी होय.

फुलाजवळ जाऊन पाहण्याचे श्रम घ्याल तर आणखी एक मौज दिसेल. या फुलात मध नाही. पाकळ्या पाच आणि पुंकेसर दहा. त्यांपैकी वरचे तीन वांझ असतात. उरलेल्या सातांचे परागकोश इतर फुलांसारखे उकलत नाहीत, तर त्यांच्या टोकाशी बारीक छिद्र असते. मिठाच्या डबीतून मीठ सांडावे तसा त्यांतून पराग सांडावा लागतो. हे काम मोठे काळे सुतारभुंगे करतात. भुंगा फुलास कवळ घालतो, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि त्या कंपनाने पराग उडतो. कान दिला तर त्या क्षणी भुंग्याचा नेहमीचा गुंजारव बदलून एकदम चढ्या पट्टीत गेलेला ऐकू येतो. आखूड केसरांतील पराग भुंग्याच्या पोटासाठी आणि लांब केसरांतील पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचविण्यासाठी, अशी वाटणी या प्रजातीच्या फुलांत असते, असे शास्त्रज्ञ मानतात. पानांवर फिकट हिरव्या-पांढऱ्या स्थलांतरी फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात, आणि पानाच्या शिरेवर पर्णिकांच्या प्रत्येक जोडीमध्ये जी इवलीशी ग्रंथी असते, तिच्याभोवती मुंग्यांची ये-जा चालू असते. ओसाड म्हटलेल्या जागेवर एका झुडपाभोवती एवढा संसार असतो.

आता इतिहासातील एक कथा ऐका. पंधराव्या शतकात मेवाडचा राणा कुंभा आणि मारवाडचा राव जोधा (ज्याने पुढे जोधपूर वसविले तोच) यांच्यात दीर्घकाळ वैर होते. १४५३ साली दोघांत तह झाला आणि सोजतजवळ सीमा ठरली. ती कशी ठरली, हे राजस्थानची परंपरा असे सांगते की, जेथवर आंवल उगवतो तेथवर मेवाड आणि जेथवर बाभूळ उगवते तेथवर मारवाड. इतिहासात हा तह ‘आंवल-बांवल’ याच नावाने ओळखला जातो. अरवलीच्या पायथ्याची खडकाळ जमीन तरवडाची, आणि पलीकडची सपाट भूमी बाभळीची. माणसाने रोवलेला दगड रात्रीतून हलविता येतो, परंतु झाडाची हद्द कोण हलविणार? ज्यांनी ही कल्पना काढली त्यांनी आपला मुलूख पायांखाली घालून पाहिला होता, यात शंका नाही. दोन राज्यांच्या मध्ये उभी राहिलेली ही दोन्ही झाडे एकाच शिंबावंत कुलातील आहेत, ही गोष्ट त्या मुत्सद्द्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

त्या दोघांचे दुसरेही एक नाते आहे, आणि ते चामड्याचे. कच्चे कातडे दोन दिवसांत कुजू लागते. ते टिकावे, मऊ राहावे, पाण्याने फुगू नये म्हणून ते कमवावे लागते, म्हणजे झाडाच्या सालीत, पानांत वा फळांत जे तुरट द्रव्य असते त्याच्या पाण्यात ते दीर्घकाळ मुरवावे लागते. हे टॅनिन कातड्यातील तंतूंशी घट्ट बांधले जाते आणि कातड्याचे चामडे होते. आपल्याकडील ढोर व चर्मकार समाजांतील कारागीर या कामी बाभळीची साल, हिरडा आणि तरवडाची साल वापरीत आले. विहिरीवरची मोट, खांद्यावरची पखाल, पायातील जोडा, देवळातील मृदंगाची वादी, यांच्यामागे त्यांचे हे ज्ञान उभे होते. आणि समाजाने त्याचा मोबदला अवहेलनेने दिला, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

तरवडाच्या वाळल्या सालीत शेकडा अठराच्या आसपास टॅनिन असते. बाभळीच्या सालीने चामडे गडद व काहीसे राठ होते; तरवडाच्या सालीने ते फिकट रंगाचे व लवचिक होते. या एका गुणावर एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यात मोठा धंदा उभा राहिला. वाणियंबाडी, आंबूर, दिंडिगल, तिरुचिरापल्ली येथील चर्मालयांतून अर्धे कमावलेले चामडे ‘ईस्ट इंडिया किप्स’ या नावाने लंडनच्या बाजारात जाई. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या बुटांसाठी या चामड्याची मागणी फार वाढली. या साऱ्या व्यापाराचे मूळ म्हणजे माळामाळांवर फिरून तरवडाच्या फांद्या तोडणारी, ओल्या फांद्यांची साल सोलून वाळविणारी आणि भारे डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी खेड्यापाड्यांतील गरीब कुटुंबे. झुडूप बुंध्यापासून छाटले तरी पुन्हा फुटते आणि दोन-तीन वर्षांत साल काढण्याजोगे होते, म्हणून हे चक्र चालू राहिले.

पुढे दोन गोष्टी घडल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी क्रोम क्षारांनी चामडे कमविण्याची जलद रीत मद्रासेत आली. आज जगातील बहुतेक चामडे याच रीतीने तयार होते. आणि दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल व तिचा अर्क स्वस्त दराने येऊ लागला. हे वॅटल मूळचे ऑस्ट्रेलियातील, तेही शिंबावंत कुलातीलच. स्वातंत्र्यानंतर परदेशी सालीवर अवलंबून राहावयास नको, या हेतूने निलगिरी व पळणीच्या डोंगरमाथ्यांवर वॅटलची विस्तृत लागवड करण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु ज्या गवताळ उतारांवर ती लागवड झाली, ते ‘रिकामे’ आहेत असे गृहीत धरले गेले. वास्तविक ते शोला अरण्यांच्या जोडीने नांदणारे, पाणी मुरविणारे, निलगिरी ताहर या दुर्मिळ रानबोकडाचे चराऊ रान होते. वॅटल तेथे असे माजले की आज ते उपटून काढण्यासाठी वनखात्यास आणि न्यायालयांना लक्ष घालावे लागत आहे.

ही हकीकत मी मुद्दाम सविस्तर सांगितली, कारण तरवडाच्या माळांवर तेच संकट निराळ्या वेषात आलेले आहे. केंद्र सरकारचा भूसंसाधन विभाग आणि हैदराबादचे राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र मिळून देशातील पडीक जमिनींचा नकाशासंग्रह प्रसिद्ध करतात. २०१९ च्या संग्रहात सुमारे ५ कोटी ५७ लाख हेक्टर, म्हणजे देशाच्या भूभागापैकी जवळजवळ १७ टक्के जमीन ‘पडीक’ ठरली आहे. तिच्या प्रकारांत ‘दाट खुरट्या झुडपांची जमीन’ आणि ‘विरळ खुरट्या झुडपांची जमीन’ असे दोन प्रकार आहेत. वाचकहो, तरवडाचे घर म्हणजे हेच. कोष्टकात एकदा ‘पडीक’ असा शब्द पडला की ती जमीन कशासही देण्यास मोकळी झाली असे वाटू लागते. कोणी तेथे गिरिपुष्प व सुबाभूळ लावून वनीकरण झाले म्हणतो, कोणी दगडाची खाण उघडतो, कोणी सौर ऊर्जेची तावदाने मांडतो. झाडे, रस्ते आणि वीज यांची गरज कोणी नाकारीत नाही. परंतु सोलापूरजवळ नान्नजला माळढोक पक्ष्यांसाठी अभयारण्य राखावे लागले, ते अशाच माळावर. धनगरांची मेंढरे आणि काळविटांचे कळप ज्या भूमीवर पोट भरतात, लांडगा जेथे पिले वाढवितो, ती भूमी कोणाच्या हिशेबाने पडीक आहे, हा प्रश्न नकाशा करणाऱ्याने आणि आपणही विचारावयास हवा. तेथे काहीही करण्यापूर्वी तेथे आज काय उभे आहे याची यादी करावी, एवढेच मागणे आहे.

ही यादी तेलंगणातील स्त्रियांच्या तोंडी असते. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस तेथे बतुकम्मा हा फुलांचा सण चालतो. परातीत फुलांचे एकावर एक थर गोलाकार रचून देवळाच्या शिखरासारखी बतुकम्मा उभी करतात, तिच्याभोवती फेर धरून गातात आणि अखेरीस ती तळ्यात सोडतात. या रचनेत पिवळा थर तंगेडुचा, म्हणजे आपल्या तरवडाचा, आणि रुपेरी-गुलाबी थर गुनुगूचा, म्हणजे रानातल्या कुरडूचा. बागेतील झेंडू-शेवंती असतात, पण ही दोन रानफुले नसतील तर बतुकम्मा सजली असे कोणी म्हणणार नाही. २०१४ साली तेलंगण राज्य झाले, तेव्हा त्याचे राज्यपुष्प म्हणून तंगेडुची निवड झाली. राज्यवृक्ष ठरला जम्मी, म्हणजे शमी. पुन्हा दोघेही कोरड्या मुलखातील शिंबावंत! सोलापुरातील पद्मशाली विणकरांनी आपल्याबरोबर हा सण महाराष्ट्रात आणला आणि तो तेथे आजही होतो. मराठी घरांतही नवरात्रातील घटावर पुष्कळ ठिकाणी तरवडाच्या फुलांची माळ चढते. पूर्वी बायकामुली पहाटे माळावर जाऊन ही फुले ओच्यात भरून आणीत. आता शहरांच्या कडेचे माळ संपत आल्याने ती बाजारात वाट्याने विकत घ्यावी लागतात, आणि विकणारी बाई दरवर्षी थोड्या अधिक दुरून येते.

तमिळ प्रदेशात पोंगलच्या आदल्या दिवशी कोंगु भागातील घरांच्या दारी कडुनिंबाच्या डहाळीबरोबर आवारम् फुलांचा गुच्छ बांधतात. त्या भाषेच्या संघम् काव्यात तर या फुलास एक चमत्कारिक मान आहे. प्रेयसीचे घरचे लोक वश होत नाहीत असे पाहून हताश झालेला प्रियकर ताडाच्या झावळ्यांचा घोडा करून, गळ्यात रुई आणि आवारम् फुलांच्या माळा घालून भर रस्त्यातून मिरवीत निघे, असा संकेत तेथे वर्णिला आहे. रानची, कोणी न माळणारी फुले गळ्यात घालणे, हीच त्याच्या लाज सोडल्याची जाहिरात असावी!

आता घरात उपयोगी पडणारी गोष्ट. तमिळनाडूत व श्रीलंकेत तरवडाची वाळविलेली फुले उकळून चहासारखी पितात. दुष्काळात कोवळा पाला व शेंगा भाजीसाठी वापरल्या गेल्या आहेत, काड्या दातवणास चालतात, आणि भातखाचरात हा पाला हिरवळीचे खत म्हणून तुडवितात. अलीकडे मधुमेहावर या फुलांचा चहा घ्यावा, अशी शिफारस हौसेने केली जाते. प्रयोगशाळेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत रक्तातील साखर उतरल्याचे दिसले आहे हे खरे. परंतु उंदरावरील प्रयोगाने माणसाचे औषध ठरत नाही. उलट, अपस्मारावर दिल्या जाणाऱ्या कार्बामाझेपिन या औषधाची रक्तातील पातळी हा चहा सोबत दिल्याने उंदरांत वाढल्याचेही आढळले आहे. तेव्हा ज्यांस डॉक्टरांनी मधुमेहाच्या वा अपस्माराच्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी त्या बंद करू नयेत, कमी करू नयेत, आणि हा चहा घ्यावयाचाच असेल तर डॉक्टरांस विचारून घ्यावा.

याहून गंभीर गोष्ट ओळखीची आहे. कासविंदा, ज्यास काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात, तो तरवडाचाच भाऊबंद आणि त्याचीही फुले पिवळी. पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळ्यानंतर लहान मुले अचानक आजारी पडून, मेंदू व यकृत यांवर परिणाम होऊन दगावत असत. हा रोग मेंदूज्वराचा समजला जाई. २००७ च्या सुमारास तेथील वैद्यकीय तपासाने दाखवून दिले की, या मुलांनी खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाल्ल्या होत्या. ज्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हे झुडूप ओळखावयास शिकावे आणि अंगणाजवळ दिसताच उपटून टाकावे. कासविंद्याच्या पर्णिका मोठ्या, टोकदार आणि चार-पाच जोड्याच असतात. पान चुरगाळल्यास उग्र दुर्गंध येतो. शेंग अरुंद व किंचित वाकडी असते. तरवडाच्या पर्णिका लहान, बोथट टोकाच्या. शेंग रुंद, चपटी, वाळल्यावर तपकिरी कागदासारखी. आणि देठाशी ते दोन कान. कान नसतील तर तो तरवड नव्हे. अर्थात मुलांना कोणत्याही रानटी शेंगा तोंडात घालू नयेत, हेच शिकवावे.

ज्यांच्या घरामागे मुरमाड जागा आहे, अथवा गावाच्या शाळेभोवती कुंपण हवे आहे, त्यांनी हिवाळ्याच्या अखेरीस शेंगा वाळून खुळखुळू लागल्या म्हणजे बी गोळा करून ठेवावे. बीचे कवच फार टणक असते. म्हणून पेरणीपूर्वी ते खरखरीत दगडावर हलकेच घासून किंवा उकळून खाली उतरविलेल्या पाण्यात टाकून रात्रभर भिजत ठेवावे. मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की अर्धा इंच खोल, एका ठिकाणी दोन-तीन बिया अशा रीतीने जेथे झुडूप हवे तेथेच त्या टोचाव्यात. सोटमूळ लवकर खोल जात असल्यामुळे रोप उपटून लावणे त्यास मानवत नाही. पाणी साचणारी जागा टाळावी. पहिल्या वर्षी पावसाने फारच दगा दिला तर आठवड्यास तांब्याभर पाणी पुरे, पुढे त्याचीही जरूर नाही. शेळ्यांसाठी काटेरी फांद्या लावण्याचीही आवश्यकता नाही. दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाद्रपदात फुले येतील. ती सकाळी, भुंगे येऊन गेल्यावर तोडावीत.